काळा कंडा

येळवस आली की मला आंबील पिववत नाही.

आमच्या भागात ही अमावस्या घरात कुणी काढत नाही. मार्गशीर्ष सरत आलेला असतो, ज्वारी माणसाच्या डोक्याला लागलेली असते, हरभरा फुलावर असतो आणि सगळं गाव दाराला कड्या घालून शेतात जातं. कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, बाजरीचे उंडे, सगळ्या शेंगाभाज्यांची मिळून केलेली भज्जी आणि मातीच्या गाडग्यात आंबवलेली आंबील. पुण्याला नोकरीला गेलेली माणसंसुद्धा रजा काढून येतात आणि तांब्या-तांब्या आंबील पिऊन बांधावर घोरत पडतात. मीही पीत असे. लग्न होऊन आले त्या वर्षी इतकी प्यायले होते की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळ्या भावकीत सांगत सुटल्या होत्या, "सून न्हाय, रांजण आणलाय आमी." आता मात्र गाडग्यावरचं फडकं बाजूला झालं की तो आंबट वास नाकात शिरतो आणि तोंडातला घास तोंडातच फिरत राहतो. यंदाही तसंच झालं. माझ्या यजमानांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि माझा पेला हळूच स्वतःकडे ओढून घेतला. 

वासराच्या हगवणीला असाच आंबट वास असतो. नासलेल्या दुधाचा, पण त्याच्या आत आणखी काहीतरी असतं, त्याला शब्द नाही. तो नुसत्या गोठ्यात राहत नाही. पदराला येतो, केसांना येतो, भाकरी थापताना पिठात आल्यासारखा वाटतो. आमची वासरं गेली त्या हिवाळ्यात मी अंगणवाडीत गेले की पोरं माझ्याजवळ यायला नाखूश असत. एक पोरगी तर सरळ म्हणाली होती, "बाई, तुमी आंबलाव." लहान पोरांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा मोठा दुर्गुण आहे.

मी अंगणवाडीत शिकवते. शिकवते म्हणजे काय, खिचडी वाटते, वजनं करते, आणि नव्या बाळंतिणींना तीच तीच गोष्ट सांगते. पहिलं चिकाचं दूध बाळाला पाजा, पिळून टाकू नका. जुलाब लागले तर पाणी बंद करू नका, उलट पाजत राहा. हात साबणाने धुवा. सांगून सांगून माझी जीभ गुळगुळीत झाली आहे. बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन सासू सांगेल तेच करतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण माझ्याही घरी सासू आहे.

पण आत्यांची गोष्ट निराळी. त्यांना हेकट म्हणणं सोपं आहे, आणि मी ते अनेकदा म्हटलंही आहे, पण त्यांच्याइतकी जनावरावर जीव लावणारी बाई मी पाहिली नाही. त्यांचं माहेर नळदुर्गाकडचं. तिकडच्या बोलीत कानडी मिसळलेली, म्हणून त्या गायीला "बा, बा" करून बोलावतात. बा म्हणजे ये. आमच्या गावातली दुसरी जनावरं त्या हाकेला वळूनही बघत नाहीत, पण आमच्या गोठ्यातली सगळी, अगदी बाजारातून आणलेल्या जर्सी गायीसुद्धा, ती हाक ऐकून कान टवकारायची. आत्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी एक देवणी कालवड आंदण दिली होती. तिच्या पोटची, मग तिच्या पोटची, असं करत चंद्रीपर्यंत ते घराणं आमच्या दावणीला चालत आलं होतं. आत्यांच्या माहेरात आता कुणी उरलेलं नाही. घर पडलं, भाऊ गेला, जमीन रस्त्यात गेली. माहेर म्हणून त्यांना बघायला काही होतं तर ती गोठ्यातली चंद्री होती.

आणि कंडा होता.

काळ्या लोकरीचा, बोटाएवढा जाड, घट्ट गुंफलेला, मध्ये मध्ये तुळजापूरच्या कवड्या ओवलेल्या. आत्यांच्या आईने तो स्वतः गुंफून आंदणाच्या कालवडीच्या गळ्यात घातला होता. तेव्हापासून आमच्या घरी जन्मलेल्या प्रत्येक वासराच्या गळ्यात तो बांधायचा, वासरू चारा खायला लागेपर्यंत ठेवायचा आणि मग सोडून पुढच्यासाठी खुंटीला अडकवायचा, अशी रीत होती. वासराला दृष्ट लागत नाही म्हणतात. कंडा पाण्याने धुवायचा नाही, धुतला की गुण जातो. शेणीच्या निखाऱ्यावर ऊद टाकून त्याला धुरी द्यायची, झालं. वर्षानुवर्षं धुरी खाऊन तो इतका काळा आणि तुकतुकीत झाला होता की नव्या माणसाला चामड्याचा वाटे. वासरं तो चघळत. ज्याच्या गळ्यात असेल त्याचा दुसरी ओढून चोखत. आम्हाला ते बघायला गोड वाटायचं.

गोठ्याच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून वासरांचा कोपरा होता. तिकडून वारं येत नाही, भिंतीपलीकडे चूल, म्हणून तिथली जमीन जरा ऊबदार. पौषातल्या थंडीत वासराला त्याहून चांगली जागा नाही. त्या वर्षी गोठ्यातल्या बहुतेक गायी पाठोपाठ व्यायच्या होत्या. ऊसतोड ऐन भरात होती, ढोकीच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या दिवसभर रस्त्याने डुलत जायच्या, गायींना उसाचं वाढं मिळत होतं, कासा भरत होत्या. आत्या खुशीत होत्या. सोनारीच्या भैरवनाथाला पहिल्या खरवसाचा नैवेद्य कधी न्यायचा, देवळातली माकडं हातातून तो कसा हिसकावून घेतात, यावरच त्यांचं बोलणं चाले.

पहिला एका जर्सीचा गोऱ्हा झाला. आठवडाभरात त्याला पातळ पिवळं लागलं आणि तो गेला. घरात फारसं काही झालं नाही. खरं सांगायचं तर गोऱ्हा मेला म्हणून घरात चहासुद्धा उशिरा होत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला कुणी विचारत नाही आणि जर्सीच्या गोऱ्ह्याला तर कुणीच नाही. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "बरंच झालं म्हणायचं, तेवढंच दूध वाचलं." माणसं अशी बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडावर काही वाईट भाव नसतो, हेच मला जास्त खुपतं. बांधाशी खड्डा झाला, मीठ पडलं, माती पडली. गळ्यातला कंडा सोडून आत्यांनी त्याला धुरी दिली.

दुसराही गोऱ्हाच. त्याच कोपऱ्यात, त्याच खुंट्याला, तोच कंडा घालून. त्यालाही तसंच लागलं. "थंडीनं झालंय," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याला भिंतीच्या आणखी जवळ बांधलं, अंगावर स्वतःचं जुनं लुगडं टाकलं. ओव्याचा काढा दिला, डाळिंबाची साल उगाळून दिली. कुणीतरी सांगितलं म्हणून दूध तोडलं. तोही गेला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण त्याच्या पाठोपाठ चंद्री व्यायची होती.

चंद्रीचं वय झालं होतं. कपाळावर पांढरा चांद, शिंगं आत वळलेली, पाठ जरा खचलेली. मागची काही वेतं तिला ओळीने गोऱ्हेच झाले होते. हे बहुधा शेवटचं वेत, असं सगळेच म्हणत होते. कालवड झाली तर घराणं पुढे चालेल, नाहीतर संपलं. आत्यांनी तोंडाने कधी हे म्हटलं नाही. पण रोज सकाळी त्या चंद्रीच्या पोटावर कान ठेवून उभ्या राहत आणि काय ऐकू येत होतं कोण जाणे, एकट्याच हसत.

कालवड झाली. दुपारची वेळ होती, मी अंगणवाडी बंद करून नुकतीच घरी आले होते. आत्या गोठ्यातून ओरडल्या, "आगं ये की! लक्षुमी आली!" मी पायातली चप्पल तशीच टाकून धावले. चंद्री तिला चाटत होती आणि ती ओली, पांढरी, काळ्या ठिपक्यांची पोर कान हलवत उठायचा प्रयत्न करत होती. कपाळावर आईसारखाच चांद. आत्या जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या, लुगडं सगळं माखलेलं, आणि त्या रडत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मामा, म्हणजे सासरे, गेले तेव्हाही त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण डोळे कोरडे होते.

तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "आत्या, हिला आत्ताच चीक पाजूया."

आमच्याकडे गायीची वार, म्हणजे गर्भाचं वेष्टन, पडल्याशिवाय वासराला तोंड लावू देत नाहीत. आधी पाजलं तर वार अडकते, अशी समजूत. कधी कधी वार पडायला संध्याकाळ होते, तोवर वासरू उपाशी. मी दोन वासरं गेलेली बघितली होती आणि रोज गावभर बायकांना चीक पाजायला सांगत होते. माझ्याने राहवलं नाही.

"जनावराचं येगळं आसतं," आत्या म्हणाल्या.

"पोटातलं पोर ते पोरच की हो, आत्या. त्या चिकातच सगळं बळ असतं. बाहेर आल्या आल्या मिळालं तर रोगाशी झगडतं."

त्या चंद्रीकडे बघत राहिल्या. मग त्या पोरीकडे. मला वाटलं होतं आता भांडण होणार. पण त्या बिचकल्या होत्या, दोन खड्ड्यांनी त्यांनाही घाबरवलं होतं.

"तुझ्या म्हनन्यानं पाजू," त्या अखेर म्हणाल्या. "माझ्या जल्मात म्या असं केलं न्हाय. पर पाजू. पर कंडा मातर म्या माझ्या हातानं बांधनार. त्यात तू बोलायचं न्हाय."

मी कशाला बोलेन? मला तर इतका आनंद झाला की मी स्वतः खुंटीवरून कंडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याला धुरी दिली, कपाळाला लावला आणि त्या इवल्या मानेभोवती बांधला. कालवड आईला लुचत होती, फेस तोंडाबाहेर येत होता, आणि कवड्या एकमेकींवर वाजत होत्या. वारही वेळेवर पडली. त्या दिवशी संध्याकाळी घरात खरवस झाला, आत्यांनी मला वाढताना दोन वड्या जास्त टाकल्या. सासू-सुनेच्या आयुष्यात असे दिवस हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच येतात.

पुढचे काही दिवस मला अजून स्वच्छ आठवतात. ऊन कोवळं असायचं. कालवड अंगणात हुंदडायची, शेपूट वर करून पळायची आणि आत्यांनी "बा, बा" म्हटलं की थबकून वळायची. आत्यांची बोटं चोखायची तिला खोड लागली होती. त्या ओसरीवर तूर निवडत बसल्या की ती सुपात तोंड घालायची, मग बोटं शोधायची. आत्या तिला शिव्या देत आणि बोटं पुढे करत. तिचं नावही चंद्रीच ठेवायचं की दुसरं, यावर घरात चर्चा चालली होती.

मग एका सकाळी तिने शेपूट वर केलं आणि पाण्यासारखं पिवळं उडालं. मी भाकरीच्या काटवटीवरून उठले नाही. वास आला आणि मला समजलं.

मी माझ्या परीने सगळं केलं. घरची साखर, मीठ, चिमूटभर खायचा सोडा, कोमट पाणी. बाटलीने थेंब थेंब पाजत बसायचे. दूध तोडू दिलं नाही. जितकं आत जाई तितकं मागून निघून जाई. डोळे खोल गेले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की घडी तशीच उभी राहायची, परत बसायची नाही. कुपोषित पोरांना तपासताना मी हेच करते, पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरते, आणि ती पटकन बसली की सुटकेचा श्वास टाकते. इथे ती बसत नव्हती. कान गार पडले. तोंडात बोट घातलं तर तोंडही गार, आणि चोखणं बंद. तिला आत्यांचं बोट ओळखता येत नव्हतं.

डॉक्टर परंड्याहून मोटारसायकलवर आले. चांगला माणूस, बोलायला मऊ, पण त्या हिवाळ्यात गावोगाव हेच बघून थकलेला. गोठ्यात शिरताच त्यांनी नाकाने ओळखलं.

"हे विषाणूचं आहे," ते यजमानांना म्हणाले. "त्याला मारायचं औषध नाही माझ्याकडं. अंगातलं पाणी जातंय, ते भरत राहायचं. बाकी तिच्या नशिबावर. चीक कधी पाजला होता?"

"लगेच," मी म्हणाले. "अर्ध्या तासाच्या आत."

"मग तुम्ही तुमचं केलंत." त्यांनी सलाईनची बाटली माझ्या हातात दिली आणि शीर शोधायला मानेवर हात फिरवला. लोकरीचा कंडा मधे येत होता. त्यांनी तो वर सरकवला, खाली सरकवला, गाठ सुटेना. शेवटी कात्री घेऊन त्यांनी तो कापला. कवड्या जमिनीवर पडल्या. कंडा टाकून देता देता ते थांबले, त्यांनी तो उलटापालटा करून बघितला. आतल्या बाजूला लोकरीत वाळलेलं काहीतरी बसलेलं होतं, थरावर थर.

"हा आधीच्या वासरांच्या गळ्यात पण होता का?"

चंद्री दावणीला हंबरत होती.

"व्हय," आत्या म्हणाल्या. "समद्यांच्याच."

डॉक्टरांना तेव्हा कळलं असावं की आपण काय विचारून बसलो. ते घाईघाईने म्हणाले, "आजी, ह्याच्यानंच झालं असं मी म्हणत नाही. ते जमिनीत असतं, बादलीत असतं, ह्या कोपऱ्यात तर असणारच. महिनोन्महिने मरत नाही. आपल्या हातावर पण असतं."

"हाताव बी?"

"हातावर तर आधी. एका वासराला हात लावून दुसऱ्याला लावला की गेलं तिकडं. साबणानं धुवायचे, आजी, एवढंच."

ते खरं बोलले. एक शब्द चुकीचा नव्हता. मी रोज तेच सांगत असते. तरी त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की हातातली बाटली खाली आपटावी असं वाटलं. काही खरं असं असतं की ते सांगायची जागा बघावी लागते. आत्यांच्या मांडीवर कालवडीचं डोकं होतं, त्यांचा हात तिच्या कपाळावरच्या चांदावर होता. त्यांनी तो हात उचलला. दोन्ही हात समोर धरून बघितले, तळवे, मग पालथे. मग डोकं हळूच मांडीवरून काढून गोणपाटावर ठेवलं आणि त्या उठून गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

सलाईन संपलं, दुसरं लावलं, तेही संपलं. कालवडीने दिवस काढला. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तिने मान उचलली, मला वाटलं सावरली. ती दाराकडे बघत होती. आत्या तिथेच होत्या, उंबऱ्याच्या बाहेर, हात पदराखाली लपवलेले. "आत्या, या हो," मी म्हणाले, "तुम्हाला शोधतीय ती. हात धुऊन या, काही होत नाही." त्यांनी मान हलवली. नुसत्या "बा, बा" म्हणाल्या, लांबूनच. पोरीने ऐकलं. कान हलला. उठायला तिने पुढचे पाय ताणले, आणि ते तसेच ताणलेले राहिले.

खड्ड्यात मीठ टाकताना आत्या पुढे झाल्या. त्यांच्या ओंजळीत कापलेला कंडा होता आणि वेचून आणलेल्या कवड्या. यजमान म्हणाले, "आये, कवडी देवीची. मातीत घालत्यात व्हय?" ज्या बाईने कधी कवडीला पाय लागू दिला नाही, तिने ती ओंजळ खड्ड्यात उपडी केली.

त्यानंतर त्या हिवाळ्यात काय काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. कोपरा खणून काढला, चुना पसरला, बादल्या उकळत्या पाण्याने धुतल्या, वासरं दूर लिंबाखाली नव्या जागी बांधली. पुढच्या गायींची वासरं जगली. म्हणजे उपाय होता, साधा होता, आणि उशिरा आला. लोक म्हणतात झालं ते झालं, त्यातून शिकायचं. शिकलो की. शिकायला कालवड घालवावी लागली एवढंच. चंद्रीने त्या वेताला पुढे दूध दिलं नाही. वासरू पुढ्यात असल्याशिवाय पान्हा सोडणारी ती गाय नव्हती. बरेच दिवस ती लिंबाखालच्या वासरांकडे बघून हंबरायची, मग तेही थांबलं. पुन्हा ती गाभण राहिली नाही. दोन उन्हाळे काढून एका दुपारी दावणीलाच बसली ती उठली नाही. नळदुर्गाकडून चालत आलेलं ते घराणं तिथे संपलं.

आत्यांना कुणी बोल लावला नाही. यजमानांनी नाही, मी नाही, गावाने तर नाहीच, कारण गावाला ठाऊकच नाही. मी त्यांना कितीदा सांगितलं असेल, "आत्या, ते जमिनीत होतं, डॉक्टरच म्हणाले. बादलीही तीच होती. माझेही हात होतेच की." त्या ऐकून घेतात. मान डोलावतात, माझ्या बाळंतिणी डोलावतात तशीच. आणि गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. ज्या बाईचं आयुष्य शेणामुतात गेलं, ती दिवसभर ओसरीवर बसून असते. "बा, बा" ही हाक आमच्या घरात पुन्हा ऐकू आली नाही. गायी जातात-येतात, बाजारातून आणतो, बाजारात विकतो. वासरांना आता आम्ही नावं ठेवत नाही.

मागच्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला आली. घरात पणती झाली, मला वाटलं आता तरी. बाळाला न्हाऊमाखू घालून, दुपट्यात गुंडाळून मी आत्यांच्या पुढ्यात नेलं. त्यांनी बघितलं, डोळे भरून बघितलं. मग दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "र्‍हाऊ दे. लांबूनच ग्वाड दिसतीया." लेकीला वाटलं आजीला मुलगी झाल्याचं आवडलं नाही. ती रुसून बसली. मी तिला काय सांगणार होते? एका कालवडीपायी पणजी पणतीला शिवत नाही, हे सांगायला जीभ रेटली नाही.

यंदा येळवशीला यजमान आंबील शिंपडत शेताभोवती फिरले. बांधाशी त्या जागेजवळ आले तेव्हा त्यांचा हात क्षणभर गाडग्यातच राहिला. मग त्यांनी तिथे जरा जास्तच शिंपडलं आणि पुढे गेले. आत्या शेतात आल्याच नव्हत्या. पाय दुखतात म्हणाल्या.

येळवशीनंतर गाय व्याली. कालवड झाली, काळी-पांढरी, बाजारच्या गायीची. आम्ही आता सगळं बरोबर करतो. चीक लगेच, जागा कोरडी, बादली वेगळी, दाराशी साबण आणि पाणी. कालवड ठणठणीत आहे. तरी मी रोज सकाळी आधी तिचं शेपूट बघते आणि मग चूल पेटवते. पौष संपेपर्यंत माझं असंच चालणार.

काल दुपारी तिने दावं तोडलं. मी गोठ्यातून ओरडत येईपर्यंत ती उड्या मारत ओसरीपाशी पोचली होती. आत्या उन्हात बसल्या होत्या. ती सरळ त्यांच्याकडे गेली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. पदर चघळू लागली, गुडघ्याला ढुशा देऊ लागली, बोटं शोधू लागली. आत्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर उचलून धरले होते. म्हातारी बाई, हात कोपरातून वाकत होते, तरी त्या ते खाली येऊ देत नव्हत्या. "न्हे हिला," त्या ओरडत होत्या, "न्हे गं, लवकर न्हे!" आणि कालवड मान वर करून त्या हातांकडे बघत होती.

मी कालवडीला नेलं नाही. गोठ्याच्या दारातून साबण आणला, तांब्याभर पाणी आणलं. "आत्या," मी म्हणाले, "हात पुढं करा. मी पाणी घालते. धुवा आणि धरा तिला."

त्यांनी आधी साबणाकडे बघितलं, मग कालवडीकडे. मग हात खाली आले, पुढे झाले. मी पाणी घातलं. त्यांनी साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना, मनगटांपर्यंत, अंगणवाडीत मी पोरांना शिकवते तसा. मी पाणी घातलं, फेस वाहून गेला, हात स्वच्छ झाले. कालवड त्यांच्या अंगाला टेकून उभी होती. "झालं, आत्या," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा साबण घेतला. मी पुन्हा पाणी घातलं. पुन्हा घेतला. तांब्या रिकामा झाला, मी भरून आणला. उभं राहून राहून कंटाळलेली कालवड पदर सोडून अंगणात निघून गेली. आत्यांनी तिकडे बघितलंही नाही. हात लाल झाले होते, तरी त्यांनी ते माझ्यापुढे तसेच धरले होते.

"आनखी वत," त्या म्हणाल्या.